अस्सल खुर्ची की हुबेहूब नक्कल? आणि वर नागपूरचा उन्हाळा

बेसावाला (धागाकर्ता)

मंडळी, बेसा रोडला फ्लॅट घेतलाय, फर्निचरचं काम संपत आलंय. हॉलमध्ये उत्तरेच्या खिडकीपाशी पाच बाय साडेचार फुटांचा एक कोपरा बायकोशी तह करून माझ्यासाठी राखून ठेवलाय. तिथे मला एकच वस्तू हवी आहे: ईम्स लाउंज चेअर, ती वाकवलेल्या प्लायची, लेदरच्या गाद्यांची आरामखुर्ची, पाय ठेवायच्या स्टुलासकट. बंगळुरूला एका क्लायंटच्या ऑफिसात दहा मिनिटं बसलो होतो, तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

पर्याय तीन. एक, हर्मन मिलर या अमेरिकन कंपनीची परवान्याची अस्सल. मुंबईच्या डीलरने फोनवर आकडा सांगितला आणि मी "हॅलो, हॅलो, आवाज कटतोय" म्हणून ठेवून दिला. छोटी गाडी येते हो तेवढ्यात! दोन, वर्धा रोडच्या एका शोरूममधली 'सेम टू सेम', ६२ हजार. तीन, ऑनलाइन, ३८ हजार, फोटोत तीही अगदी तशीच.

प्रश्न दोन. बसल्यावर फरक खरंच कळतो का, की सगळा नावाचा पैसा? दुसरा जरा अडचणीचा आहे. मी मिहानमधला सॉफ्टवेअरवाला. आमचं सॉफ्टवेअर कुणी चोरून वापरलं की तावातावाने बोलतो. मग घरी नकली खुर्चीत रेलून बसताना मला काही वाटायला हवं का? बायको म्हणते, आधी तिच्यात झोप लागते का ते बघा, लाजेचं नंतर पाहू.

तर्रीबाज

६२ हजारात एक खुर्ची? राजेहो, तेवढ्यात सोफासेट, दिवाण आणि वरून टीपॉय फुकट येते. कोपरा रिकामाच राहू द्या, कुलर ठेवायला होते.

प्रभातरोड

नक्कल ती नक्कल. परवडत नसेल तर घेऊ नये, इतकं सोपं आहे. पुण्यात आम्ही न परवडणाऱ्या वस्तू दुकानात जाऊन नीट बघून येतो आणि घरी येऊन त्यांच्यातले दोष सांगतो. खर्च शून्य.

वास्तुजा

धागा माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांबण लागेल.

ही खुर्ची चार्ल्स आणि रे ईम्स या नवरा-बायकोने १९५६ मध्ये आणली. अमेरिकेत हर्मन मिलर बनवतं, युरोपात व्हिट्रा. या दोघांव्यतिरिक्त कुणीही बनवली तर ती नक्कल, शोरूमवाला कितीही 'इम्पोर्टेड' म्हणो.

शोरूममध्ये जाऊन आधी वाका आणि पाय मोजा. खुर्चीला पाच पाय हवेत, स्टुलाला चार. बऱ्याच नकलांत दोन्हींना चार असतात. मग पाठ मागे रेटून बघा. अस्सल खुर्ची मागे कलत नाही. तिची बैठक मुळातच साधारण १५ अंशांत कललेली आहे आणि तशीच राहते. विक्रेता कौतुकाने "साहेब, ही रिक्लाइनसुद्धा होते" म्हणाला, की समजायचं. तिसरी खूण पाठीमागे. पाठीच्या लाकडाला बाहेरून एकही स्क्रू दिसता कामा नये. आतल्या बाजूला रबराच्या जाड चकत्या लाकडाला चिकटवलेल्या असतात आणि सगळा सांधा त्यांच्यावर. आपण टेकलो की पाठ जी किंचित लवते ती त्या रबरामुळे. बंगळुरूला तुम्हाला जे आवडलं ते बहुधा हेच.

सुरुवातीच्या खुर्च्यांना ब्राझिलियन रोजवुडचा पापुद्रा होता. ते झाड धोक्यात आलं, १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, आणि कंपनीनेही ते लाकूड सोडलं. त्यामुळे आज कुणी तुम्हाला 'नवी, ब्राझिलियन रोजवुड' म्हणून विकत असेल तर तो दोनदा खोटं बोलतोय.

रंधा

आमचा लकडगंजात कारखाना आहे, म्हणून दोन शब्द. वास्तुजाताईंनी रबराचं सांगितलं, ते शंभर टक्के बरोबर. अशी एक नकली खुर्ची मागच्या वर्षी जून महिन्यात माझ्याकडे दुरुस्तीला आली होती. पाठीचा तुकडा हातात घेऊन आले साहेब. चकती निघाली ती एकटी निघाली नाही, प्लायचे वरचे दोन थर सोबत घेऊन आली. म्हणजे रबराचा गोंद पक्का होता, प्लायच कच्चा होता. मी कड तासून पाहिली. वर अक्रोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, आत पांढरं हलकं लाकूड, आणि थरांमध्ये जागोजागी पोकळी. नखाने थर सुटून राहिले होते.

आपल्याकडे काय होते? होळीपासून कुलर सुरू. बाहेर ४५ डिग्री, खडखडीत कोरडं, आणि हॉलमध्ये खसच्या ताट्यांतून ओली हवा. रात्री कुलर बंद, पुन्हा कोरडं. असं तीन महिने रोज लाकूड फुगते आणि आकसते. घरच्या कपाटासाठीसुद्धा मी एमआर ग्रेडचा, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा प्लाय कुलरच्या भिंतीला लावू देत नाही, उकळत्या पाण्यातही न सुटणारा बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चाच लावतो. नकली खुर्चीत कोणता प्लाय आहे हे कोणी लिहून देते का? विचारून पाहा.

आणि एक. कोणी म्हटलं की लकडगंजात हुबेहूब बनवून देतो, तर हात जोडा. तो गोलावा गरम साच्यात दाबून येतो. आमच्याकडे तसं प्रेस नाही. आम्ही लोक प्लायला मागून करवतीने चर पाडतो आणि वाकवतो. दिसायला गोल होते, वजन घेत नाही.

खोडकर

रंधा भाऊ, ती खुर्ची माझी तर नव्हती?

माझी कथा ऐका. दोन वर्षांपूर्वी घेतली, ४१ हजार. पहिलं वर्ष राजासारखं गेलं. दुसऱ्या एप्रिलमध्ये डोकं टेकायच्या जागी 'प्रीमियम लेदर'चे पोपडे निघू लागले. आधी वाटलं कोंडा झालाय, शाम्पू बदलला. मग बनियनला काळे तुकडे चिकटायला लागले. ते लेदर नव्हतंच, पीयूचं, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड. तेल आणि घाम लागला की त्याचा वरचा थर सुटतो. मे महिन्यात साडूभाऊ आले, मोठ्या ऐटीत बसले, मी कौतुकाने इतिहास सांगायला सुरुवात केली, "ही खुर्ची १९५६ साली..." आणि डाव्या हाताकडून कट्ट आवाज आला. साडू अर्धे खाली, एक पाय स्टुलावर. दुखापत काही नाही. पण तेव्हापासून सासरी माझं नाव '१९५६' आहे.

विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. सुटा भाग मिळत नाही, कारण कुणाच्या नकलेचा भाग कुणाला बसतो हे देवालाच ठाऊक.

तर्रीबाज

@१९५६, साडूभाऊंना माझा नमस्कार सांगा.

मध्यमवर्गीय

सगळे एका सुरात बोलून राहिले म्हणून विरोधी सूर. चार्ल्स ईम्स १९७८ मध्ये गेले, रे १९८८ मध्ये, बरोब्बर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. दोघंही नाहीत. मग पैसा जातो कोणाला? कंपनीला. आणि या लोकांचा ध्यास काय होता तर चांगली वस्तू जास्तीत जास्त लोकांना कमीत कमी पैशांत. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने स्वस्त फर्निचरची स्पर्धा ठेवली होती, त्यांच्या साच्यातल्या खुर्च्या तिथूनच पुढे आल्या. त्यांच्या नावाने आज गाडीच्या भावात खुर्ची विकणं ही खरी नक्कल नाही का?

टोलिक्स खुर्ची घ्या. १९३४ ची, पत्र्याची, फ्रान्सची. धरमपेठेतल्या दर दुसऱ्या कॅफेत तिची नक्कल आहे. सगळे त्यावर बसून कॉफी पितात, कोणाला चोरी वाटत नाही. मग ईम्सचंच काय सोनं लागलं?

वास्तुजा

@मध्यमवर्गीय, अर्धं पटलं. पण घोळ करताय. स्वस्त करायच्या होत्या त्या फायबरग्लासच्या आणि प्लायच्या साध्या खुर्च्या. लाउंज चेअर पहिल्यापासून महागच होती, ती त्यांनी चैनीची वस्तू म्हणूनच केली. आणि पैसा फक्त कंपनीला जातो असंही नाही, ईम्सचं काम त्यांचे वारसच सांभाळतात.

जाता जाता, ही मंडळी आपल्याला परकी नाहीत. १९५८ मध्ये भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे येऊन फिरली, अहवाल लिहिला, त्यात आपल्या तांब्यावर, म्हणजे लोट्यावर, परिच्छेदच्या परिच्छेद आहेत. त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली. त्यांनी ज्याचं कौतुक केलं तो लोटा कुणा एकाचा नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. मला यातली गंमत कधी सुटलेली नाही.

वकिलीण

नीतीचं तुम्ही बघा, मी कायद्याचं सांगते.

भारतात डिझाइन कायदा, २०००. नोंदणी केली तर १० वर्षं, वाढवली तर आणखी ५, संपलं. १९५६ ची खुर्ची त्यात बसतच नाही. मग कुणी म्हणेल कॉपीराइट? कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५. नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवान्याने कारखान्यात ५० हून जास्त नग काढले, की त्यावरचा कॉपीराइट गेला. म्हणून आपल्याकडे शोरूमं उघडपणे विकतात.

नाव मात्र ट्रेडमार्क. शोरूमवाला तोंडाने 'ईम्स' म्हणेल, बिलावर 'मॉडर्न लाउंजर विथ फूटस्टूल' लिहील. बिल आधी मागा, उत्तर तिथेच मिळतं.

बाहेर चित्र वेगळं. इंग्लंडमध्ये अशा वस्तूंचा कॉपीराइट २५ वर्षांवर आटोपता घेतलेला होता, तो नियम २८ जुलै २०१६ ला गेला. आता निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. रे ईम्स धरल्या तर २०५८ अखेरपर्यंत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपच्या न्यायालयाने ईम्सच्याच दुसऱ्या एका खुर्चीच्या खटल्यात अमेरिकन डिझाइनलाही तिथे तेच संरक्षण दिलं. म्हणजे बेसावाल्यांची ६२ हजारवाली बेसा रोडवर कायदेशीर आणि लंडनच्या दुकानात बेकायदेशीर ठरू शकते.

बेसावाला

वकिलीणबाई, बिलाची युक्ती आजच करून पाहिली. सेल्समन हसला आणि म्हणाला, "सर, बिलात नाव टाकलं तर जीएसटीसोबत ओरिजिनलची किंमतपण टाकावी लागेल."

रंधा भाऊंचं वाचून ३८ हजारवाली बाद. ६२ अजून लटकलेली आहे. कुलर आमच्याकडेही आहेच, एसी फक्त बेडरूममध्ये.

उत्तरध्रुव

कोपनहेगनहून, मूळचा गिट्टीखदानचा. इकडे लोक काय करतात ते सांगतो. तरुण जोडपी नवी घेत नाहीत, जुनी अस्सल घेतात. डॅनिश डिझायनर वेग्नरची विशबोन खुर्ची, १९४९ चं डिझाइन, इथलीच कार्ल हान्सन कंपनी १९५० पासून बनवतेय. माझ्याकडे चार आहेत, वापरलेल्या. बैठक कागदी दोरीची, एका खुर्चीला सुमारे १२० मीटर लागते. एकीची तुटली तर माणूस घरी येऊन विणून गेला, खुर्ची पुन्हा नवी. उद्या विकायची म्हटलं तर जवळजवळ घेतलेल्या भावात जाईल. नकलेला हा पुनर्जन्म नाही.

विशबोनची नक्कल ओळखायची असेल तर पाठीच्या वरच्या कमानीवरून बोट फिरवा. अस्सलमध्ये ती वाफेवर वाकवलेली अखंड काठी आहे. स्वस्त नकलेत दोन-तीन तुकडे जोडलेले असतात, रंगाखाली सांधा बोटाला लागतो.

(अवांतर: गिट्टीखदानच्या चौकात तर्री पोहे अजून तसेच मिळतात का?)

तर्रीबाज

तर्री अस्सल आहे, परवाना नाही.

निवृत्त_लेखापाल

तुमची ही चर्चा वाचून राहवलं नाही. मी १९८९ ते ९४ चंदीगडला केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. आमच्या ऑफिसात सागाच्या, वेताने विणलेल्या, कंपास उघडून ठेवावा तशा पायांच्या खुर्च्या होत्या. मागच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात खात्याचं नाव नि नंबर. वेत फाटला की आम्ही त्यावर पाट टाकून बसत होतो. शिपाई लोक त्या खुर्चीवर उभे राहून पंखे पुसत. पाय डगमगला की स्टोअरला जमा, तिथून गच्चीवर, पावसात, मग भंगाराच्या लिलावात. मीही अशी एक खुर्ची स्टोअरला लावून दिली आहे, सही माझी.

नंतर कळलं, त्या पिएर जानरेच्या खुर्च्या. चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कॉर्बुझिएचे चुलतभाऊ. तो मोठा साहेब परत गेला, हे १९६५ पर्यंत चंदीगडात राहिले. व्यापाऱ्यांनी तो ढीग उचलला आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांनी गेली. २०११ मध्ये गृहमंत्रालयाने विक्री-निर्यातीवर बंदी आणली. आता नातू मला म्हणतो, आजोबा, तुम्ही सही का केली!

वास्तुजा

काका, तुमच्या प्रतिसादाने धागा सोन्याचा झाला.

आता बघा पेच. त्या खुर्च्यांची रेखाटनं जानरेंच्या चमूत झाली, युली चौधरींसारख्या भारतीय वास्तुविशारदांचाही त्यात हात होता. पण बनवल्या कुणी? तिथल्याच निरनिराळ्या सुतारांनी, टेंडर निघेल तसं. एकाची पट्टी जाड, दुसऱ्याची बारीक. आज इटलीचं कसिना २०१९ पासून त्या 'जानरेंना मानवंदना' म्हणून बनवतं, बंगळुरूचं फँटम हँड्सही जुन्या खुर्च्या अभ्यासून बनवतं. बाजारात जुन्या म्हणून खोटे नंबर रंगवलेल्याही फिरतात. आणि उद्या रंधा भाऊंनी बल्लारशाहच्या सागात एक केली तर ती काय? नवीन संसद भवनाला आपल्या इकडचा साग चालतो, खुर्चीला का नको?

प्रभातरोड

सोयीस्कर आहे हे. सुतार निनावी होता म्हणून डिझाइन बेवारस होत नाही. टेंडरच्या सुताराला रेखाटन दिलं होतं, रंधा भाऊंना कुणी दिलं? फोटो पाहून केली तर नक्कलच. चांगल्या लाकडातली, एवढंच.

रंधा

प्रभातरोड साहेब, बरोबर आहे तुमचं, मी फोटो पाहूनच करतो. पाच केल्या आजवर. बिलावर 'सागाची वेताची खुर्ची' लिहितो, कोणाचं नाव नाही. लाकूड मीटर लावून पाहतो, ओलावा १२ च्या वर असला तर करवतच लावत नाही. पाठीचा कोन मात्र गिऱ्हाइकाला कच्च्या सांगाड्यावर बसवून ठरवतो, फोटोतून नाही. एका काकूंसाठी बैठक दीड इंच वर घेतली. आता ती खुर्ची कोणाची झाली ते तुम्ही ठरवा.

वेताचं एक सांगतो. वेताला आपला उन्हाळाच मारतो, कोरडा पडून तडकतो. पंधरा दिवसांनी बैठक खालून ओल्या फडक्याने पुसायची. म्हणजे कुलरची हवा ज्या हलक्या प्लायला खाते, तीच वेताला मानवते.

गृहकृत्यदक्ष

बेसावाले, एक साधं विचारू? घरात अजून कोण आहे? ईम्सची बैठक जमिनीपासून जेमतेम १५ इंच, वरून मागे कललेली. आमच्या सासऱ्यांना भाच्याकडच्या अशाच खुर्चीतून दोघांनी उठवलं होतं. खुर्ची घेताना सगळे बसून बघतात, उठून कुणी बघत नाही.

आणि वेत विणायला माणूस शोधत असाल तर अंध शाळांमध्ये चौकशी करा. पूर्वी सरकारी खुर्च्या विणायचं काम बरेचदा अंध कारागीरच करत. आमच्या महालच्या वाड्यातल्या सहा खुर्च्या अशाच एका काकांनी विणल्या. हाताने आधी भोकं मोजत, मग शेजारच्यांशी गप्पा मारत विणत. एक टाका चुकला नाही.

बेसावाला

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, अहवाल देतो. कामासाठी मुंबईला जायचं होतं, बाबांचा डोळ्यांचा डॉक्टरही तिथलाच, म्हणून त्यांनाही नेलं. अधिकृत दालनात गेलो आणि निर्लज्जपणे ४० मिनिटं बसलो. फरक कळतो. नागपुरात ६२ हजारवालीत बसलो होतो तेव्हा पाठ मागे जाते आणि थांबते, जसं दार अडकतं तसं. इथे ती थांबत नाही, मुरते. गाद्या काढून पाठीमागे हात घातला, ती रबराची चकती बोटाने चाचपली. सेल्समन बघत होता, पण काही बोलला नाही.

मग बाबा बसले. खूश. उठायची वेळ आली तेव्हा मी एका हाताला, सेल्समन दुसऱ्या. गृहकृत्यदक्ष, तुमची आठवण काढली.

६२ वाली रद्द केली. लाजेपेक्षा साडूभाऊंच्या भीतीने, खरं सांगायचं तर. अस्सलसाठी पैसे बाजूला टाकायला लागलोय, उत्तरध्रुव म्हणतात तशी वापरलेली मिळाली तर बघू. तोवर कोपरा रिकामा दिसतो म्हणून महालच्या घरून बाबांची जुनी कापडी आरामखुर्ची आणून टाकली, तात्पुरती.

तर आता रोज सकाळी सातला बाबा पेपर घेऊन तिथे बसतात ते जेवायलाच उठतात. दुपारी पुन्हा. मी ऑफिसातून आलो की "बस की इथेच" म्हणून सोफ्याकडे बोट दाखवतात. तह मोडला.

रंधा

तिचं कापड जुनं असलं तर आणून टाका, कॅनव्हास बदलून देतो. आडव्या दांड्याची खाच झिजली असते बरेचदा, तेही पाहून घेऊ. नाहीतर बाबाच खाली जातील.

खोडकर

@रंधा, माझी पाठ अजून तुमच्याकडेच पडली आहे का?

तर्रीबाज

ते सगळं ठीक आहे बेसावाले. कुलर कुठे ठेवला मग?